रोजाचा भात, जनाबायची कोळंबी

ये शर्वरी, अशी जवळ येऊन बस. तिकडे दारात कुठे टेकतेस पाहुणीसारखी. आणि आधी मला खरं सांग, काल रात्री उरलेला भात फ्रिजमध्ये टाकलास का ओट्यावर ताटली झाकून तसाच ठेवलास? गप्प बसलीस म्हणजे ओट्यावर. आणि सकाळी त्यालाच कांदा-मिरचीची फोडणी देऊन डब्यात भरलास. तुझ्या आत्याने अख्खी नोकरी दुसऱ्यांचं उरलेलं अन्न तपासण्यात घालवली, आणि सख्ख्या भाचीच्या ओट्यावर हे चाललंय.

दुसरी गोष्ट. दिवाळी अंकवाल्यांना माझं नाव मला न विचारता कुणी दिलं? तूच दिलंस. "आमची आत्या लॅबमध्ये होती, ती दिवाळीला काहीतरी छान लिहील." आता छान म्हणजे काय लिहू? लोक चकल्या खात खात वाचणार आणि मी त्यांना उलट्यांच्या गोष्टी सांगणार. पण तू शब्द देऊन बसलीस, तर लिहिते. बोलते तसंच लिहिणार, मला दुसरं येत नाही. बाकीच्या वाचणाऱ्यांनीही जरा सरकून जवळ बसावं.

तर मी कामाला होते वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी लॅबमध्ये. बाहेरून बघाल तर गाळ्यांसारखा गाळा. एका बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या. मधे आम्ही. लोक मसाले, लोणची, फरसाण, दूध, काय काय तपासायला आणत. मी दहावी झालेली बाई, बाटल्या धुवायला लागले. बाटली धुणं हे हलकं काम आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या मॅडमना विचारावं. आमच्याकडे बाटलीला साबणाचा वास राहिला तरी तो मशीनला कळायचा. मी धुतलेली बाटली मशीनला कधी कळली नाही. त्यावरून मॅडमनी मला वजनाच्या काट्यावर बसवलं, काट्यावरून नमुना तयार करायला, आणि तिथून हळूहळू त्या मशीनपाशी. इंग्रजी मी डब्यांवरची लेबलं वाचून शिकले. अजूनही मला इंग्रजीत भाजी मागता येणार नाही, पण कुठला डबा ज्योतीपासून लांब ठेवायचा ते बरोबर वाचता येतं.

मॅडम म्हणजे मानसी मॅडम, आमच्या विभागाच्या प्रमुख. माझ्या मुलीच्या वयाच्या, डॉक्टरेट वगैरे झालेल्या. मला "विमलमावशी" म्हणायच्या आणि चुकलं तर "मावशी" एवढंच म्हणायच्या. नुसतं "मावशी" ऐकलं की मी समजायची, आज काहीतरी पुन्हा करायचंय.

आता आमचं काम काय, ते सांगते. लोकांना वाटतं अन्न बाधलं म्हणजे जंतू. अर्धंच खरं आहे. काही जंतू हे नालासोपाऱ्याच्या तुळिंजमधल्या वाईट भाडेकरूसारखे असतात. भाडेकरूला तुम्हाला काढता येतं, उकळी फुटली की तो गेला. पण जाण्याआधी त्याने खोलीत जे करून ठेवलंय ते कसं जाणार? जंतू आपल्या अंगातून विष सोडतात. भातात वाढणारा एक जंतू आहे, त्याचं विष इतकं चिवट की भात परतला, वाफवला, प्रेशर कुकरला लावला, तरी ते हलत नाही. जंतू मेलेला, विष जिवंत. मग जंतू वाढवून बघणाऱ्या आमच्या शेजारच्या खोलीतले लोक म्हणायचे, "नमुना ठीक आहे." आणि इकडे माणूस बादली धरून बसलेला.

ते विष शोधायला आमचं मोठं मशीन. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आम्ही त्याला राणीसरकार म्हणायचो. कारण तिला चोवीस तास एसी हवा, शुद्ध नायट्रोजन हवा, तिच्या पोटात हवेचा कण चालत नाही म्हणून पंप सतत चालू हवा. लाइट गेली की अख्खी लॅब आधी तिच्याकडे धावायची. जनरेटरवाल्याचं नाव मला माझ्या जावयाच्या नावाआधी आठवतं.

राणीसरकार करते काय, तर वजन. पण असं वजन की काट्यावर दिसणारच नाही, एकेका रेणूचं. तुला केळ्यांवरून सांगते. बाजारात दोन लोंगर, म्हणजे केळ्यांचे अख्खे घड, आले, दोन्हींचं वजन सारखं. राजेळीचं कुठलं आणि दुसरं कुठलं, नुसत्या वजनावरून ओळखणार कशी? पण लोंगर तोडलं, एकेक फणी वेगळी तोलली, तर फण्यांच्या वजनावरून ओळखू येतं, कारण प्रत्येक जातीचं लोंगर आपल्या पद्धतीनेच सुटतं. राणीसरकार तेच करते. आधी बारीक नळीतून सगळ्यांना रांगेने सोडते. मग हव्या त्या वजनाचं तेवढं आत घेते, आपटून त्याचे तुकडे करते, आणि तुकडे पुन्हा तोलते. अख्ख्याचं वजन जुळलं आणि तुकड्यांचंही जुळलं, म्हणजे तेच ते.

आता ते किती आहे, हे कसं कळायचं? भात वाटायचा, औषधी पाण्यात हलवायचा, गाळायचा, एवढ्यात थोडंफार विष वाटेत सांडतंच. आपल्याकडे पानमळेवाल्यांना हे लगेच कळेल. समज, पानांची करंडी लांबच्या बाजारात पाठवायची आहे. निघताना त्यात मोजून शंभर पानं देठाला दोरा बांधून टाकायची. तिकडे पोचल्यावर दोऱ्याची ऐंशी सापडली, तर बाकीचीही तेवढ्याच हिशेबाने वाटेत गेली असणार. आम्हीही नमुना हातात आल्याबरोबर त्यात त्याच विषाची दोरा बांधलेली जुळी बहीण घालायचो. गुण तेच, फक्त वजनाला जरा जास्त. शेवटी दोघींची गाठ घालायची, म्हणजे हिशेब लागतो. ही जुळी बहीण परदेशातून बर्फात येते आणि तिची बाटली बोटाच्या पेराएवढी असते. ती हातात धरली की मी श्वाससुद्धा जपून घ्यायची.

गिऱ्हाइकं काय एकेक. विरारहून एक आजोबा आले होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत इडलीचं पीठ. सुनेने भिजवलेलं. म्हणे, "हे खाऊन माझं पोट जड होतं, असं लिहून द्या." मॅडमनी विचारलं, घरात बाकीच्यांना काही होतं का? "बाकीच्यांना काय होणार, ते तिच्या बाजूचे आहेत." आम्ही पीठ तपासलं. पिठात काही नव्हतं. आजोबा रागावून म्हणाले, "एवढं मोठं मशीन, आणि एवढं कळत नाही?" मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मशीनला विष कळतं, सून कळत नाही." पुढच्या महिन्यात तेच आजोबा सुनेला घेऊन आले, लॅब दाखवायला. सुनेने आमच्यासाठी त्याच पिठाच्या इडल्या आणल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

एकदा एक मिठाईवाला आला. त्याच्या पेढ्यांनी एका बारशाची वाट लावली होती. तो सारखा म्हणत होता, "दूध मी दोनदा उकळलं." बरोबरच होतं त्याचं, जंतू एकही जिवंत सापडला नाही. पण राणीसरकारला पेढ्यात दुसऱ्या एका जंतूचं विष सापडलं, जो आपल्या कातडीवर, नाकात, जखमेत असतो. ते विष मोठं, म्हणून आधी त्याचे एन्झाइमने कापून तुकडे करावे लागतात. मॅडमनी त्याला विचारलं, खवा कोण मळतं? त्याने स्वतःचा हात पुढे केला. अंगठ्याला गळू, वर मळकी पट्टी. नंतर तो दिवाळीला आम्हाला पेढे द्यायला यायचा तेव्हा दारातूनच दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायचा, आणि मग खोका पुढे करायचा.

पण तुला मला सांगायची आहे ती रोजाची गोष्ट. तुला रोजा आठवते ना, भुईगावात आपल्या वाडीला लागून तिची वाडी. मी आणि ती एका आंब्यावर चढून मोठ्या झालो, ती ख्रिस्ती, आम्ही हिंदू, आंब्याला त्याचं काही नव्हतं. रोजा लग्नांची जेवणं करते. आंबट-तिखट मटणाचं इंद्याल, तळलेले गोल फुगे, कोळंबीचं कालवण, पिवळा पुलाव. गावातल्या बाया तिच्या हाताखाली असतात. अख्ख्या वसईत "पुलाव रोजाचा" एवढं म्हटलं की पुरे. तिला त्याचा गर्व आहे, आणि तो असावा.

मे महिन्यातलं एक लग्न, जेवण रोजाचं. हॉलमध्ये दुपारचं जेवण. बँडवाले आधी जेवतात ही तिथली रीत, त्यामुळे आधी तेच आडवे झाले. वरात निघायच्या वेळी ट्रम्पेट बंद, ढोल बंद, नुसता एक झांजवाला उभा, कारण तो उशिरा आला आणि उपाशी होता. मग करवल्या, मग नवरदेवाचे मामा, मग नवरदेव स्वतः. संध्याकाळपर्यंत दोन दवाखाने भरले. घाबरू नकोस, दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले, नवरीने तर दवाखान्यातच सलाइन लावलेल्या नवऱ्याबरोबर फोटो काढला. पण लग्न म्हणजे लग्न. गावात नाव गेलं.

आणि रोजाने नाव घेतलं जनाबायचं.

जनाबाय पाचूबंदरची कोळीण. रोजा तिच्याकडून कोळंबी घेते ती दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासून. मीही तिच्याचकडून घेते. तिची टोपली बाजारात कोपऱ्यावर, आणि तोंड बाजारभर. कोळंबी म्हटली की लोकांना पटतंच, उन्हाळा, मासळी, झालं. रोजाने बाजारात जाऊन सगळ्यांसमोर तिला सुनावलं. जनाबायने आधी ऐकून घेतलं, मग म्हणाली, "माजी कोलबी सकालची होती, रोजा. बरफाचं पानी पन गललं नव्हतं. तू आंधली नाय." रोजा म्हणाली, "मी लॅबमधून लिहून आणते. मग बस इथे बघत, कोण घेतं तुझी मासळी." दुसऱ्या दिवसापासून जनाबायच्या टोपलीसमोर गिऱ्हाईक थांबेना. लोक असे वळसा घालून जायचे, जसं काही तिथे खड्डा आहे.

तर रोजा माझ्याकडे आली. नवरीच्या घरी फ्रीझरमध्ये जेवणाचा डबा ठेवलेला होता, न आलेल्या एका काकांसाठी. त्यातली कोळंबी ती घेऊन आली, बर्फात घालून, एखाद्या गुन्हेगाराला बेड्या घालून आणावं तशी.

मी म्हटलं, "एकटी कोळंबी?"

"मग अजून काय?"

"ताटात जे जे होतं ते सगळं आण. पुलाव, इंद्याल, कोशिंबीर, सगळं."

"पुलावाला काय झालंय? पुलाव मी माझ्या हाताने शिजवला."

"म्हणूनच आण. तुझा पुलाव चांगला आहे असंही कागदावर येऊ दे."

हे तिला आवडलं. पुलाव घेऊन आली. आणताना म्हणाली, "बघ, डब्यातला आहे तरी दाणा मोकळा." खरंच होता मोकळा.

मी मॅडमना आधीच सांगितलं की या दोघीही माझ्या ओळखीच्या आहेत, एक मैत्रीण, एक मासळीवाली. मॅडम म्हणाल्या, "बाटलीवर नाव नसतं विमलमावशी, नंबर असतो. तुम्ही नंबराला ओळखत नाही." पण मी ओळखत होते ना. वजन मीच केलं होतं. पिवळा रंग कसा लपणार?

तुला सांगते, ते तुकडे तोलायचं काम चालू झालं आणि मी मशीनसमोर खुर्चीत बसले. रोजा बाहेर बाकावर, हातात जपमाळ. पडद्यावर रेघ सरळ चालत होती. कोशिंबीर गेली, सरळ. इंद्याल गेलं, सरळ. पुलाव गेला आणि रेघ उठली. अशी उठली, विरारच्या जीवधनीच्या डोंगरासारखी. भातातलं विष, तेच, अख्ख्याचं वजन जुळतंय, तुकड्यांचं जुळतंय. मग रिवाजाप्रमाणे एक कोरी बाटली गेली, म्हणजे ज्यात काहीच नाही अशी. आणि तिच्यामागून कोळंबी. आणि कोळंबीलाही छोटासा उंचवटा आला.

मी बघतच राहिले. म्हणजे दोन्हीत आहे? कोळंबीतही? मग तर रोजा हेच घेऊन बाजारात जाणार. पुलावाचं राहील बाजूला, "कोळंबीत विष होतं" एवढंच गावभर होणार. जनाबायचं कोपऱ्यावरचं बसणं संपलं.

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी."

नुसतं "मावशी". मी वळून बघितलं.

"कोळंबी कुणाच्या मागे गेली?"

"पुलावाच्या. मधे एक कोरी."

"पुलावात एवढं आहे की एका कोऱ्याने नळी धुतली गेली नाही. हा उंचवटा पुलावाचाच शिल्लक असेल. नळी नीट धुऊया. कोऱ्यावर कोऱ्या सोडा, रेघ झोपेपर्यंत. मग आधी कोळंबी, शेवटी पुलाव."

मी कोऱ्यामागून कोऱ्या सोडल्या. कालवणाचं भांडं एकदा विसळून जसा हळदीचा डाग जात नाही, तसं होतं ते. कोरी, मग कोरी, मग कोरी. रेघ हळूहळू बसली. मग कोळंबी, नव्याने वाटून, नव्याने गाळून. रेघ सरळ. इतकी सरळ की मी जवळ जाऊन पडदा पुसला, म्हटलं चालू आहे ना. कोळंबीच्या बाकीच्या तपासण्याही शेजारच्या खोलीत झाल्या, कशात काही नाही. आणि शेवटी पुलाव, तो पुन्हा उठला, जेवढा आधी उठला होता तेवढाच.

खरं सांगू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, जनाबाय सुटली म्हणून. आणि मग बाहेरच्या बाकाची आठवण झाली.

मॅडमनी रोजाला आत बोलावलं. मी शेजारी बसले. मॅडमनी तिला सगळं नीट सांगितलं. कच्च्या तांदळात हे जंतू बी होऊन झोपलेले असतात, कुणाच्याही तांदळात. उकळीने वाढलेला जंतू मरतो, ते बी मरत नाही. भात शिजून खूप वेळ कोमट राहिला की ते जागं होतं, वाढतं आणि विष सोडतं. मग भात पुन्हा कितीही गरम करा. रोजा ऐकत होती आणि मान हलवत होती, नाही नाही अशी.

"माझ्या किचनमध्ये या मॅडम. फरशीवर बसून जेवाल."

"तुमच्या स्वच्छतेचा प्रश्नच नाही."

"मग कशाचा? टोपाचा?"

मला तिची रीत माहीत होती. सकाळी शेगड्या फुगे आणि इंद्यालात अडकतात, म्हणून पुलावाचा भात आदल्या संध्याकाळी. शिजला की टोपाला गोणपाट गुंडाळायचं आणि पेंढ्यात रुतवून ठेवायचं, सकाळपर्यंत ऊब राहते, दाणा मोकळा राहतो. तिची आई असंच करायची. आईच्या हाताचं आहे म्हणून रोजाने त्यात कधी बदल केला नाही.

मी म्हटलं, "रोजा, तुझ्या आईचा टोप केवढा होता गं?"

तिने हाताने दाखवला. कुशीत मावेल एवढा.

"आणि तुझा?"

तिने दोन्ही हात पसरले, तरी पुरेनात. तिच्या टोपात लहानपणी मी आणि ती, दोघी मावलो असतो. आईचा टोप नाताळानंतरच्या थंडीतल्या लग्नांचा, वाडीतल्या अंगणात, थोड्या माणसांचा. पेंढ्यातसुद्धा तो लवकर निवायचा. रोजाचा टोप हॉलमधल्या लग्नाचा, मे महिन्यातला. त्याच्या मधोमध रात्रभर ऊब कोंडलेली. आईची रीत चुकीची नव्हती, टोप मोठा झाला आणि रीत तेवढीच राहिली.

रोजाने पाणी मागितलं. प्यायली. मग विचारलं, "आणि कोळंबी?"

मॅडम म्हणाल्या, "कोळंबी स्वच्छ आहे. अगदी ताजी असावी."

"ताजी होती," रोजा म्हणाली. "मी बघूनच घेतली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "विमल, तो मधुमेहवाला आजोबा आठवतो, नवरदेवाचा? त्याने कोळंबी दोनदा घेतली. भाताला शिवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सगळ्यांना दवाखान्यात डबे पोचवत होता. मला तेव्हाच दिसलं होतं. मी बघितलं नाही."

रिपोर्ट घेऊन ती गेली. आमचं काम तिथे संपलं. ही आमच्या कामाची एक खंत आहे बघ, कागद दिला की पुढे काय होतं ते आपल्या हातात नसतं. ती तो कागद चुलीत घालू शकत होती. कुणाला कळलं असतं? आम्ही तर बोलू शकत नव्हतो, गिऱ्हाइकाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाचा. मी त्या आठवड्यात मासळी आणायला गेलेच नाही. जनाबायने विचारलं असतं, "बाय, काय निगालं तुमच्या मसिनीत?" तर मी काय सांगणार होते.

रविवारी मात्र जावं लागलं, घरी पाहुणे. बाजारात शिरले तर कोपऱ्यावर गर्दी. मला वाटलं भांडण. पुढे होऊन बघते तर जनाबायच्या टोपलीशेजारी, ओल्या लादीवर, पाटसुद्धा न घेता रोजा बसलेली. चर्चमधल्या मिस्साचा झगा अंगात, पायात चांगले सँडल, केसात पिन. आणि येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून सांगतेय, "भात माझा होता. माझ्या भाताने झालं. कोळंबी चांगली होती." एका बाईने विचारलं, "कसं काय कळलं?" तर म्हणाली, "मशीनने सांगितलं. मशीन माझ्या ओळखीचं आहे."

जनाबाय कोळंबी सोलत होती. रोजाकडे बघत नव्हती. शेवटी म्हणाली, "झालं सांगून?"

"झालं."

"तुजा भात आनि माजी बदनामी. आता उटू नको. बस हितंच, माश्या हाकल."

असं म्हणून तिने केळीच्या पानाचा तुकडा रोजाच्या हातात दिला. आणि रोजा, शर्वरी, जिच्या हाताखाली अर्धं गाव राबतं, ती झगा आवरून माश्या हाकलत बसली, टोपली रिकामी होईपर्यंत. मधेच जनाबाय म्हणायची, "त्या कोपऱ्यातली ऱ्हायली." रोजा तिकडची हाकलायची. मी माझी कोळंबी घेतली. जनाबायने मला एक मूठ जास्त घातली आणि डोळा मारला. मी काहीच बोलले नाही. गिऱ्हाइकाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाचा.

पुढच्या लग्नाला रोजाने काय केलं असेल? भात शिजला की मोठ्या मोठ्या परातींत पातळ पसरायचा, पंख्याखाली, आणि परातीखाली बर्फ. एवढा बर्फ कुठून आणणार? जनाबायकडून. आता लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाचूबंदरहून टेम्पो येतो, पुढच्या सीटवर जनाबाय, मागे बर्फाच्या लाद्या. निवलेला भात डब्यांतून फ्रीझरवाल्या गाडीत जातो, आणि जनाबाय स्वतः हात घालून बघते थंड झाला का. रोजा ओरडते, "मासळीचा हात माझ्या भाताला लावू नकोस." जनाबाय म्हणते, "मसिनीला बोलाव मग." दाणा पहिल्यासारखा मोकळा राहतो का? रोजा म्हणते नाही, आईसारखा नाही. मला तर फरक कळत नाही. पण तिला कळतो, आणि तेवढं दुःख ती गिळते.

मी आता घरी आहे. हात थरथरायला लागला तसं जुळ्या बहिणीची बाटली धरणं मीच सोडलं, मॅडमनी कधी म्हटलं नाही. मॅडमचा अधूनमधून फोन येतो, राणीसरकारच्या तक्रारी सांगतात. मला एकच वाटतं, लोक आमच्याकडे नेहमी जेवण झाल्यावर आले. बाधल्यावर, भांडल्यावर, नाव गेल्यावर. जेवायच्या आधी कधी कुणी आलं नाही.

म्हणून तू तरी पुन्हा ये, जेवायला. तो डब्यात भरलेला भात आज टाकून दे, आणि पुन्हा ओट्यावर ठेवायचा विचारही करू नकोस. विरारहून भुईगाव काही परदेश नाही, रिक्षा मिळतात, न मिळाल्या तर माझ्या नातवाला स्टेशनवर पाठवते. रोजाला सांगून ठेवलंय, पुलाव आपल्या घरच्या चुलीवर करायचा, तिच्या आईच्या छोट्या टोपात. तो टोप तिने अजून ठेवलाय. कोळंबी जनाबाय स्वतः घेऊन येणार आहे, म्हणते, "तुमच्या भाचीला बगायचंय, भात वट्यावर ठेवनारी कोन ती." फक्त भूक घेऊन ये. टोप लहान आहे, चुलीवरून थेट पानात वाढायचा, आणि मागे एक दाणा ठेवायचा नाही.